बर्फ पडण्याआधी जीपचा ऑटोमॅटिक लॉकर काढताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा जवळ आला की मिशिगनमधल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला हेच प्रश्न येऊ लागतात. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी आपली माणसं पुष्कळ. त्यातल्या बऱ्याच जणांनी हौसेने जुनी जीप घेतलेली असते. उन्हाळाभर होली ओक्सला, ड्रमंड बेटावर किंवा सिल्व्हर लेकच्या वाळूत ती फिरवतात आणि ऑक्टोबरात एकदम आठवतं की मागच्या ॲक्सलमध्ये लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग, आहे.

माझी जीप २००१ ची रँगलर टीजे. चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, हाताने बदलायचे पाच गियर, मागे डाना ३५ ॲक्सल. उन्हाळ्यात तिच्यात लंचबॉक्स जातीचा ऑटोमॅटिक लॉकर असतो, हिवाळ्यात तो गॅरेजच्या फळीवर डब्यात असतो. खालची उत्तरं प्रामुख्याने अशा गाडीसाठी आहेत. जिथे दुसऱ्या गाडीचं वेगळं पडतं तिथे तसं सांगितलं आहे.

ऑटोमॅटिक लॉकर नेमकं करतो काय?

बैलगाडीपासून सुरुवात करू. बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात, म्हणून वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी, आणि गाडी कुरकुर न करता वळते. मोटारीत चाकांना इंजिनची ओढ द्यायची असते, त्यामुळे ती अशी सुटी सोडता येत नाहीत. ती सोय डिफरन्शियल करतं. त्याच्या पोटातले छोटे स्पायडर गियर दोन्ही चाकांना सारखाच जोर देतात आणि वेग मात्र वेगवेगळा ठेवू देतात.

पण सारखाच जोर म्हणजे ज्या चाकाला पकड नाही, त्याला जेवढा जोर पेलतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. एक चाक चिखलात गेलं की ते जागच्या जागी गरगरतं आणि कोरड्या दगडावरचं दुसरं गप्प उभं राहतं.

लंचबॉक्स लॉकरमध्ये या स्पायडर गियरच्या जागी दातेरी चकत्यांच्या दोन जोड्या बसतात. मूळचं कॅरियर, म्हणजे डिफरन्शियलचा पिंजरा, तसाच राहतो आणि मूळचा क्रॉस शाफ्टही, म्हणजे स्पायडर गियर ज्यावर फिरतात तो दांडा, बहुतेक किटमध्ये तोच वापरतात. ॲक्सिलरेटर दाबला की क्रॉस शाफ्ट मधल्या चकत्यांच्या उतारावर दाबतो, त्या बाहेरच्या चकत्यांत घुसतात आणि दोन्ही चाकं रिंग गियरच्या, म्हणजे पिंजऱ्यावरच्या मोठ्या दातेरी चाकाच्या, वेगाने एकत्र फिरतात. वळणावर बाहेरचं चाक त्याहून जोरात फिरू पाहतं, तेव्हा त्या बाजूचे दात एकमेकांवरून टक-टक-टक करत सरकतात. पार्किंगमध्ये वळवताना जो आवाज येतो तो हाच. त्या आवाजाने घाबरू नका.

मग बर्फात तर दोन्ही चाकांनी ओढलेलं बरं, नाही का?

मलाही तसंच वाटायचं. सरळ, सपाट, खोल बर्फात ते खरंही आहे. अडचण रस्त्यावर होते.

टायरची जमिनीवर जी पकड असते ती एकच. पुढे ओढायला तीच आणि बाजूला न घसरायलाही तीच. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की बाजूची पकड जवळजवळ संपते. साध्या डिफरन्शियलमध्ये निसरड्यावर एक चाक घसरतं आणि दुसरं रस्त्याबरोबर शांतपणे गडगडत गाडीची मागची बाजू धरून ठेवतं. लॉकर असला की दोन्ही चाकं एकदम सुटतात. मग मागची बाजू धरायला काहीच उरत नाही आणि ती उताराकडे जाते. रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता बांधलेला असतो, म्हणून सरळ रस्त्यावरसुद्धा गाडीची शेपटी कडेच्या खड्ड्याकडे सरकते.

माझा प्रसंग सांगते. नोव्हेंबरातली पहिली भुरभुर, डांबरावर जेमतेम बोटभर बर्फ. मी फ्रीवेला चढणाऱ्या गोल रॅम्पवर होते, ताशी पंचवीस मैलांच्या आसपास, दुसऱ्या गियरमध्ये. वळण संपत आलं म्हणून थोडा ॲक्सिलरेटर दिला. मागचा भाग डावीकडे निघाला. मी दचकून पाय पूर्ण उचलला, आणि ती खरी चूक. पाय उचलला की जोर उलट्या बाजूने येतो, लॉकरचे दात दुसऱ्या अंगाला धाडकन बसतात, आणि इंजिनचा ब्रेक दोन्ही मागच्या चाकांवर एकदम लागतो. शेपटी उजवीकडे फिरली आणि जीप गवतात, आल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. मागच्या सीटवर मुलीची रिकामी कारसीट होती. तिच्याकडे बघत मी किती वेळ बसून राहिले, आठवत नाही. त्या आठवड्यात लॉकर काढला.

फोर व्हील ड्राइव्ह लावलं तर प्रश्न सुटत नाही?

थोडा कमी होतो. पुढची चाकंही ओढू लागतात, त्यामुळे मागच्यांवरचा भार हलका होतो. पण वळणावरच्या घसरण्याला आणि ब्रेकला फोर व्हीलचा काही उपयोग नाही. शिवाय टीजेसारख्या गाडीत ४एच (लिव्हरची नेहमीच्या वेगाच्या फोर व्हीलची जागा) फक्त निसरड्या रस्त्यावर वापरायचं असतं. आमच्याकडे हिवाळ्यात अर्धा मैल कोरडं डांबर, मग पुलावर काळा बर्फ, म्हणजे डांबरावर न दिसणारा पातळ थर, मग पुन्हा कोरडं, असं चालतं. दर वेळी लिव्हर ओढत बसणार का?

कोणी काढावा आणि कोणी राहू द्यावा?

गाडी कोण चालवणार आणि कुठे, यावर मी ठरवते. आमच्या घरी डिसेंबर ते मार्च जीप नवरा रात्रपाळीला नेतो. पहाटे साडेतीनला, मीठ पडण्याआधीच्या रस्त्यावर, थकलेल्या माणसाने लॉकरचे लाड करत गाडी चालवावी हे मला पटत नाही. हिवाळ्यात रोजचा रस्ता असेल, घरातली एकाहून जास्त माणसं गाडी चालवत असतील, गाडी आखूड असेल, तर काढा. टीजेच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर फक्त ९३.४ इंच आहे, म्हणून ती पटकन फिरते. लांब, जड पिकअपमध्ये तोच लॉकर बराच शहाण्यासारखा वागतो. वीस-वीस वर्षं असा ट्रक बर्फात चालवणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांना मी काढा म्हणत नाही.

हिवाळ्यातही जंगलातल्या बर्फाच्या वाटांवर जाणार असाल आणि रोजच्यासाठी दुसरी गाडी असेल, तर राहू द्या. तिथे लॉकर खरंच कामाला येतो.

लॉकर पुढच्या ॲक्सलमध्ये असेल तर?

टू व्हीलमध्ये पुढच्या डिफरन्शियलला इंजिनचा जोर मिळत नाही, त्यामुळे लॉकर सुटाच राहतो, फार तर वळताना टकटकतो. गोम ४एच लावल्यावर आहे. दोन्ही पुढची चाकं एकत्र ओढतात, स्टिअरिंग जड होतं आणि बर्फावर गाडी वळण सोडून नाकासमोर सरळ जाते. चाकांना हाताने सोडता येणारे हब असतील आणि तुम्ही हिवाळ्यात रस्त्यावर ४एच लावतच नसाल तर पुढचा राहू द्या. टीजेत मूळचे असे हब नाहीत आणि हिवाळ्यात ४एच तर लागणारच, म्हणून मी पुढच्यात लॉकर घातलाच नाही.

माझ्या गाडीत डेट्रॉइट लॉकर आहे. तोही दर हिवाळ्यात काढता येईल?

नको. डेट्रॉइट लॉकर अख्खा पिंजरा बदलून बसवतात. तो काढायचा म्हणजे रिंग गियर उतरवा, बेअरिंग काढा, जुनं कॅरियर बसवा, शिमच्या पातळ चकत्या घालून रिंग गियर आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनमधली फट डायल गेजने पुन्हा जुळवा, दातांवर रंग लावून ठसा बघा. हे वर्षातून दोनदा करायचं काम नाही. ही जुळणी थोडी चुकली तरी गियर ओरडतात आणि मग झिजतात. डेट्रॉइट लॉकरवाल्यांनी एकतर त्याच्यासकट सांभाळून चालवावं किंवा एकदाच तो विकून बटणाचा, म्हणजे हवा तेव्हाच चालू करायचा, लॉकर घालावा.

लंचबॉक्स लॉकर काढताना कॅरियरला हात लागत नाही, रिंग आणि पिनियनची जुळणी हलत नाही. म्हणून ऋतूप्रमाणे काढ-घाल करायची ती त्याचीच.

भारतात थारमध्ये कंपनीचा लॉकर येतो. हिवाळ्यात स्पितीला जाताना तो काढायचा का?

हा प्रश्न पुण्याहून दरवर्षी येतो. काढायचा नाही. महिंद्राने २०१५ पासून थारच्या मागच्या ॲक्सलला जे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल दिलं, त्याचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं. एरवी ते साध्या डिफरन्शियलसारखंच वागतं. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला, म्हणजे एक चाक खरोखर गरगरायला लागलं, की आतली वजनं बाहेर फेकली जाऊन ते लॉक होतं, आणि तेही कमी वेगातच. अमेरिकेत शेव्हरोलेच्या पिकअपमध्ये जी८० नावाने वर्षानुवर्षं येतं ते याच जातीचं. लंचबॉक्स लॉकर ॲक्सिलरेटर दाबताच लॉक होतो, मोठा फरक हा. थारवाल्यांनी बर्फात ॲक्सिलरेटर हळू द्यावा, साखळ्या बरोबर ठेवाव्यात, एवढं पुरे.

जीपच्या रुबिकॉन मॉडेलमधला लॉकर?

बटणाचा आहे. बटण बंद ठेवा.

काढायची वेळ कोणती?

मी खंडेनवमीला पाने, पक्कड, जॅक सगळं पुसून मांडते, दसऱ्याला जीपला झेंडूची माळ घालते आणि त्यानंतरच्या पहिल्या मोकळ्या शनिवारी काम काढते. दिवाळीच्या आत झालंच पाहिजे. कारण साधं आहे. गॅरेजमध्ये थंडी शिरली की बोटं चालत नाहीत, आणि या कामात बोटांनी वायसर जागेवर धरायचे असतात. शिवाय गार गियर ऑइल काकवीसारखं ओघळतं आणि कव्हरला लावायचा सिलिकॉनचा लेप नीट धरत नाही.

हाताशी काय काय हवं?

मूळचे स्पायडर गियर, साइड गियर (ॲक्सल शाफ्टच्या आतल्या टोकांवरचे) आणि त्यांचे सगळे वायसर. हे आधी लिहिते, कारण निम्मे लोक इथेच अडकतात. लॉकर बसवताना निघालेले गियर कुणीतरी भंगारात टाकलेले असतात. जुने नसतील तर ॲक्सलचा नंबर बघून नवा संच आधी मागवा, मगच डिफरन्शियलचं कव्हर उघडा. जुने असतील तर दात बघा. कडा गोल झालेल्या किंवा टवका उडालेला दिसला तर तेही बदला.

बाकी नेहमीचंच. चार भक्कम जॅक स्टँड, चाकांना लावायला ठोकळे, सॉकेटचा संच, टॉर्क रेंच, लांब दांड्याचं मॅग्नेट, ब्रेक क्लीनर, सिलिकॉन, आटे धरून ठेवणारं लॉकटाइट, भरपूर चिंध्या. डाना ३५ साठी साडेतीन पाइंट, म्हणजे सुमारे १.६६ लिटर गियर ऑइल. आणि क्रॉस शाफ्टला अडकवून ठेवणारा छोटा बोल्ट नवा. काही डॉलरच्या त्या बोल्टसाठी मी कधीही चालढकल करत नाही.

काम नेमकं कसं करायचं?

गाडी दोन-चार मैल फिरवून आणा म्हणजे ऑइल पातळ होईल. सपाट काँक्रीटवर उभी करा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागचा ॲक्सल उचलून नळ्यांखाली जॅक स्टँड ठेवा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. म्हणूनच ठोकळे पक्के हवेत, जॅकवर भरवसा नको. चाकं आणि ब्रेकचे ड्रम काढा.

कव्हर उघडण्याआधी ऑइल भरायचं बूच निघतंय का बघा. टीजेच्या डाना ३५ ला रबरी बूच असतं, ते सहज निघतं. लोखंडी आट्याचं असेल तर आमच्या मिठाच्या रस्त्यांवर ते पार गंजून बसलेलं असतं. डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात हात राखून मीठ टाकायची इथे रीत नाही. ऑइल सांडून बसलात आणि भरायचं भोक उघडेना, तर गाडी तिथेच अडकली.

कव्हरचे दहा बोल्ट. वरचा एक नुसता सैल करा, बाकीचे काढा, खालून पटाशीने कव्हर उचका. ऑइल परातीत येऊ द्या आणि ते बोटांत घेऊन बघा. राखेसारखी बारीक भुकटी चालते. नखाएवढा तुकडा दिसला तर थांबा आणि तो कुठून आला ते शोधा.

मागचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून क्रॉस शाफ्टचा छोटा बोल्ट समोर आणा. तो सावकाश सोडवा. आधी कुणी लॉकटाइट सढळ हाताने लावलं असेल तर गरम हवेचा झोत द्या. जोर लावून तुटला तर डाव्या आट्याच्या ड्रिलने काढत दिवस जातो. बोल्ट निघाला की लॉकरच्या तोंडावर चिंधी धरा आणि क्रॉस शाफ्ट ओढा. चिंधी यासाठी, की आतल्या बारीक स्प्रिंगा टणकन उडतात आणि गॅरेजमध्ये सापडत नाहीत. काही गियर रेशोत रिंग गियर जाड असतो आणि शाफ्ट त्याच्या दातावर अडतो. त्या गाड्यांत काम वाढतं, हे आधीच माहीत करून घ्या.

आता चाकाच्या बाजूने ॲक्सल शाफ्ट आत ढकला. आतल्या टोकाची सी-क्लिप, म्हणजे शाफ्टला बाहेर निसटू न देणारी कडी, मोकळी होते, ती मॅग्नेटने काढा. दोन्ही बाजूंच्या निघाल्या की ॲक्सल शाफ्ट दोन-तीन इंच बाहेर ओढा, सीलवर घासणार नाही अशा बेताने, आणि लॉकरचे तुकडे एकेक बाहेर घ्या. डावे-उजवे वेगळे ठेवा.

पिंजरा ब्रेक क्लीनरने धुवा. साइड गियर त्यांच्या वायसरसकट बसवा, ॲक्सल शाफ्ट आत घ्या, सी-क्लिप लावा, शाफ्ट बाहेर ओढून क्लिप खाचेत बसली याची खात्री करा.

आता या कामातली सगळ्यात चिवट पायरी. दोन स्पायडर गियर एकमेकांच्या बरोबर समोर ठेवायचे, एक पुढच्या खिडकीत, एक मागच्या. प्रत्येकाच्या पाठीवर वाटीसारखा वळलेला वायसर ग्रीसने चिकटवायचा. मग एका बाजूचा ॲक्सल हळूहळू फिरवायचा, की दोन्ही गियर साइड गियरवरून चालत आत जातात. बोटाच्या टोकाने वायसर सरकत नाही ना हे धरून राहायचं. शेवटी दोन्ही गियरची भोकं आणि कॅरियरचं भोक एका ओळीत यायला हवीत. बॅटरीचा उजेड एका बाजूने टाकला की पलीकडे पूर्ण गोल दिसतो. अर्धचंद्र दिसला तर एक दात चुकला आहे. परत बाहेर काढा, परत बसवा. माझं पहिल्या वर्षी सातव्या खेपेला जमलं. हातोडीने क्रॉस शाफ्ट ठोकून भोकं जुळवायला जाऊ नका.

शाफ्ट घाला, नवा बोल्ट लॉकटाइट लावून गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने घट्ट करा. हा बोल्ट निसटला तर क्रॉस शाफ्ट बाहेर सरकतो, सी-क्लिप सुटतात आणि चाक ॲक्सलसकट बाहेर येऊ शकतं. मी तो घट्ट केल्यावर त्याच्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारते आणि कव्हर लावण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाला ती दाखवते.

कव्हर आणि हाउसिंगची जुनं सिलिकॉन लागलेली कड खरवडून कोरडी करा, सिलिकॉनची अखंड रेघ प्रत्येक भोकाच्या आतून फिरवा, बोल्ट समोरासमोरचे घेत ३० फूट-पौंडाला आवळा. सिलिकॉनच्या नळीवर लिहिलेला वेळ जाऊ द्या, मग ऑइल भोकापर्यंत भरा. ड्रम, चाकं लावा. चाकांचे नट टीजेला ८५ ते ११५ फूट-पौंड.

बरोबर बसलं हे कसं ओळखायचं?

मागची दोन्ही चाकं हवेत असतानाच गाडी पहिल्या गियरमध्ये टाका, इंजिन बंद. एक चाक हाताने पुढे फिरवा. दुसरं उलटं फिरलं की डिफरन्शियल साधं झालं.

मग रस्त्यावर हळू आठचा आकडा काढा. पूर्ण शांतता हवी. खट्-खट् आलं तर पुढे जाऊ नका. एका वर्षी पाठ धरली होती म्हणून मी हे काम बाहेर करून घेतलं. गाडी घरी आणली तर वळताना बारीक ठोका यायचा. कव्हर उघडलं, तर एका साइड गियरचा वायसर बसवलेलाच नव्हता आणि ऑइलमध्ये चंदेरी भुकटी. पैसे परत मिळाले नाहीत. बाहेर काम देत असाल तर सगळे वायसर मोजून, फोटो काढून, त्यांच्यासमोर हातात द्या.

पहिल्यांदा किती वेळ लागतो?

अख्खा दिवस धरा. आता माझं चार तासांत होतं, चहा धरून.

ऑइल कोणतं?

थंडीसाठी ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक. उन्हाळ्यात जड ८५डब्ल्यू-१४० वापरलं असेल तर ते शून्याखाली फार घट्ट होतं. साध्या स्पायडर गियरला फ्रिक्शन मॉडिफायर लागत नाही. ते क्लच असलेल्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलसाठी असतं.

नव्या गाडीतल्या ईएससीशी लॉकरचं जमतं का?

अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सगळ्या हलक्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं आहे. ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सावरतं. लॉकरने दोन चाकं एकत्र बांधली की त्या सावरण्यात ढवळाढवळ होते. अशा गाडीत ऑटोमॅटिक लॉकर घालूच नये असं माझं मत आहे. घातलाच असेल तर बर्फाआधी जरूर काढा.

लॉकर काढला, आता हिवाळ्याचे टायर लागतील का?

लागतीलच. चिखलाच्या मोठ्या ठोकळ्यांचे टायर बर्फावर छान दिसतात आणि काळ्या बर्फावर साफ फसवतात. त्यांचं रबर थंडीत कडक होतं आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा नसतात. नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरत नाही, बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण हवी. लॉकर काढायला पैसे आणि वेळ आहे पण टायरला नाही, असं असेल तर माझं ऐका, आधी टायर घ्या.

दरवर्षी काढ-घाल करण्यापेक्षा बटणाचा लॉकर घातला तर?

पैसे असतील तर तेच उत्तम. हवेवर, विजेवर किंवा केबलवर चालणारे मिळतात. बंद असले की साधं डिफरन्शियल. पण किंमत हजार डॉलरच्या वर जाते आणि बसवायला कॅरियरची पूर्ण जुळणी लागते. डाना ३५ मध्ये एवढा खर्च मात्र करू नका. त्याचे २७ खाचांचे ॲक्सल शाफ्ट आधीच नाजूक, त्यात लॉकरचा जोर. पुष्कळ टीजेवाले १९९५ ते २००१ मधल्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची ॲक्सल भंगारातून आणून बसवतात. त्यात ३१ खाचांचे शाफ्ट आणि डिस्क ब्रेक मिळतात, आणि मग त्यात बटणाचा लॉकर घालतात. माझी बचत त्याच दिशेने चालली आहे.

काढलेला लॉकर ठेवायचा कसा?

धुवून, वाळवून, गियर ऑइलचा हात फिरवून. स्प्रिंगा आणि पिना वेगळ्या छोट्या पिशवीत, मोजून, संख्या वर लिहून. दातांच्या कडा बोटाने चाचपून बघा. गोल झाल्या असतील तर तो उन्हाळ्यात ऐन वेळी निसटणार. किटबरोबर आलेला कागद त्याच डब्यात ठेवा. परत बसवताना दोन मधल्या चकत्यांमधली फट फीलर गेजने मोजायची असते आणि तो आकडा प्रत्येक किटचा वेगळा असतो.

परत कधी बसवायचा?

पाडव्याला घाई नको. आमच्याकडे एप्रिलमध्येही बर्फ पडतो, आणि पडला नाही तरी तेव्हा वाटा इतक्या भिजलेल्या असतात की गाडी नेली तर फक्त चर पडतात. मी अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबते. तोवर रस्त्यांवरचं मीठ पावसाने धुऊन गेलेलं असतं, जीपखाली पाण्याचा फवारा मारून झालेला असतो, आणि कव्हर उघडल्यावर बोल्टावरची पांढरी रेघ जिथे मारली होती तिथेच आहे की नाही हे पहिल्यांदा बघायचं असतं.